हिटलरला विनम्र अभिवादन

हिटलर शिकवायला मला सहा तासिका मिळतात. त्यांतली पहिली 'हिटलर चांगला होता' हे ऐकण्यात जाते.

दरवर्षी नववीत कोणीतरी उठतंच. "पण मॅडम, शिस्त तं आणली ना त्यानं?" मागच्या बाकावरून "हाव ना" अशी साथ येते. पंधरा वर्षांच्या पोरांच्या डोक्यात हे कुठून येतं याचा मी एकदा नीट तपास केला. थोडं मोबाईलमधून येतं, थोडं केस कापायच्या दुकानातून. तिथे खुर्चीवर मान टाकून बसलेला प्रत्येक मोठा माणूस डोळे मिटून सांगतो की आपल्या देशाले एक हिटलर पाह्यजे. बाकीचं घरातूनच येतं.

मी वाद घालत नाही. वाद घातला की पोरं जिंकण्यासाठी बोलू लागतात. मी एवढंच विचारते, "शिस्त लावली ती कोणाला?" आणि खडू ठेवून उभी राहते. पहिली तासिका अशी संपते.

मी मोताळा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. गावाचं नाव सांगत नाही. धामणगाव बढ्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. माझ्या पर्समध्ये तीन याद्या असतात. एक घरसामानाची, दुसरी शाळेतल्या कामांची, तिसरी ज्या गोष्टींबद्दल मला शंका आहे त्यांची. तिसरी कधीच संपत नाही असं नवरा म्हणतो. माझ्या मते इतिहासाच्या शिक्षकाकडे ती असायलाच हवी. हे कोण सांगतंय, आत्ताच का सांगतंय, सांगून त्याचं काय साधतंय, हे विचारायची सवय म्हणजेच आमचा विषय. सनावळी त्यानंतर. पण ही सवय शाळेच्या फाटकाबाहेर काढून ठेवता येत नाही, आणि त्याचा त्रास होतो. भाजीवाली जास्तीची कोथिंबीर देते तेव्हासुद्धा मी जुडी उलटी करून बघते.

तर शिकवायची पद्धत. दुसऱ्या तासिकेला 'ज्यू म्हणजे कोण' इथून सुरुवात. आमच्या भागात ज्यू माणूस कोणी पाहिलेला नाही. मी कोकणातल्या शनिवार तेल्यांचं सांगते. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोकांनी दिलेलं ते नाव. ते ज्यू होते, मराठी बोलत होते, त्यांच्या बायका नऊवारी नेसत होत्या. एका वर्षी एक पोरगा फटकन म्हणाला, "म्हंजे आपलेच ना मॅडम." मी म्हटलं, जर्मनीतल्या ज्यूंनाही तसंच वाटत होतं. त्यांतले कितीतरी जण पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढले होते.

विषारी वायूच्या कोठड्यांपासून मी कधीच सुरू करत नाही. पोरं तिथे एकदम हादरतात आणि मग सुटतात, कारण 'असं आपण कधी करणार नाही' हे त्यांना लगेच पटतं. मी दुकानापासून सुरू करते. अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका. पुढे शाळेतला एक शिक्षक काढून टाकला. पुढे पोरांना वेगळ्या शाळेत घातलं. बागेतला बाक बंद, रेडिओ जमा करा, सायकल जमा करा, कोटावर पिवळा तारा शिवा. मग घर सोडा, मग रेल्वेत बसा. प्रत्येक पायरीला थांबून मी विचारते की शेजारी काय करत होते. कोणाला स्टेशनमास्तर करते, कोणाला पोस्टमन, कोणाला वर्गशिक्षक. हिटलर कोणालाच करत नाही, कारण त्याच्यासाठी पोरांची रांग लागते. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत लाखो लेकरं होती, हे पाचव्या तासिकेला येतं. तेव्हा वर्गात पंख्याचा आवाज येतो.

दोन वर्षांपूर्वी असाच पाठ चालू असताना राजूभाऊ शाळेत आले. राजूभाऊंचं गावात कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खतांचं, आणि ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांचा मोठा मुलगा तेव्हा नववीत होता. चहा येईपर्यंत ते पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले,

"मॅडम, हे तुमी जर्मनीचंच सांगून राह्यल्या ना?"

"पुस्तकात जर्मनीचंच आहे, राजूभाऊ."

"नाही, पोट्टं घरी येऊन मले विचारते. पप्पा, त्या लोकाईच्या दुकानातून काही घ्यायचं नाही असं तुमी काऊन म्हणता? आता हे त्यानं कुठून काढलं?"

"तुम्ही म्हणता का तसं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. "चहा चांगला असते तुमच्या शाळेतला," म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्या यादीत आहे आणि ते माझ्या.

आता मूळ गोष्ट. ही गेल्या एप्रिलमधली.

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. प्रार्थनेनंतर परिपाठ होतो. ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते: मुलं मैदानावर रांगेत बसतात आणि त्यांच्यातलाच कोणीतरी माईकवर पंचांग, सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि बोधकथा वाचतो. दिनविशेष म्हणजे आज कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी. प्रत्येक नावाच्या शेवटी 'त्यांना विनम्र अभिवादन' म्हणायचं आणि सगळ्यांनी तालात तीन टाळ्या द्यायच्या, ही आमच्या शाळेची रीत. पूर्वी शिक्षक पुस्तकातून निवडून नावं द्यायचे. आता सकाळी मोबाईलवर कोणीतरी पुढे ढकललेलं तयार दिनविशेष येतं. शिक्षक ते पोरांना दाखवतात, पोरं कागदावर उतरवतात, आणि कागद माईकपाशी जातो.

वाचायला पल्लवी असायची. नववीतली. आवाज खणखणीत, शब्द तोडून, घाई नाही. तिचे वडील जगदीशभाऊ गावात वेल्डिंगचं काम करतात. शाळेचं फाटकही त्यांनीच केलेलं आहे. सकाळी दुकान उघडताना शाळेचा भोंगा त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि 'आमचा रेडिओ सुरू झाला' असं ते गिऱ्हाइकांना सांगतात, हे मला माहीत होतं.

त्या सकाळी मी परिपाठाला नव्हते. मुख्याध्यापक खर्चे सरांनी मला वार्षिक परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिका मोजायला बसवलं होतं. खिडकीतून पल्लवीचा आवाज येत होता. एका शास्त्रज्ञाची पुण्यतिथी झाली, विनम्र अभिवादन, तीन टाळ्या. मग ती म्हणाली, "आज जर्मनीचे नेते अॅडॉल्फ हिटलर यांची जयंती. त्यांना विनम्र अभिवादन." आणि तीनशे पोरांच्या तीन टाळ्या.

मी गठ्ठा तसाच टाकून बाहेर आले तोवर बोधकथा सुरू झाली होती. कोल्हा द्राक्षांपर्यंत पोचला होता. नववीचे वर्गशिक्षक इंगळे सर झाडाखाली मोबाईल धरून उभे होते. परिपाठाचं चित्रीकरण रोज करायचं असतं, वर अहवाल जातो.

"सर, आत्ता काय वाचलं तिनं?"

"कोनी? पल्लवीनं? दिनविशेष."

"कोणाचं?"

"असंल कोनाचं तरी," इंगळे सर म्हणाले. ते गणित शिकवतात. "काऊन, काय झालं?"

काय झालं ते मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या गावाला कळलं. तो व्हिडिओ 'आपल्या शाळेत हिटलरची जयंती' असं वर लिहून फिरायला लागला होता. शाळेचा फोन वाजायचा थांबेना. गंमत अशी की फोन दोन जातींचे होते. एक म्हणायचे, लाज वाटत नाही का. दुसरे म्हणायचे, एवढा काय गोंधळ करून राह्यले, चुकलं काय त्यात? दुसऱ्या जातीचे थोडे जास्तच होते, हे फोन उचलणाऱ्या शिपायाने मला हळूच सांगितलं. दुपारी एक यूट्यूब चॅनलवाला माईकला लाल स्पंज लावून फाटकाशी उभा राहिला.

खर्चे सर घामाघूम. पंखा त्यांनी स्वतःकडे वळवून घेतला आणि मला आत बोलावलं.

"मॅडम, तुम्ही नेमक्या त्याच वेळी आत कशा होत्या?"

"सर, उत्तरपत्रिका मोजायला तुम्हीच सांगितलं होतं."

"ते खरं आहे. पण लोक विचारतील. हिटलर तुमचाच विषय ना? राजूभाऊंचं म्हणणं आहे की हे कोणीतरी मुद्दाम घडवून आणलं. शाळेचं नाव खराब करायला."

"कोणी?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. म्हणजे मीच.

मग मीही माझ्या पद्धतीने कामाला लागले. माझा पहिला संशय इंगळे सरांवर. व्हिडिओ त्यांचा, कागद तपासायचं काम त्यांचं. दुसरा राजूभाऊंच्या धाकट्या मुलावर. तो पल्लवीच्याच वर्गात आहे आणि कागद उतरवणाऱ्या गटात होता. इंगळे सरांनी काही लपवलंच नाही. "मॅडम, मी रोज बघतो. म्हंजे कागद आहे की नाही ते बघतो. आतलं कशाले बघू? ते तं तयार येते." व्हिडिओ त्यांनीच शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, 'आजचा परिपाठ' म्हणून, परिपाठ संपता संपता. रोज टाकतात तसा. तिथून कोणी उचलला ते त्यांना माहीत नव्हतं. राजूभाऊंचा धाकटा म्हणाला, "मोबाईलवर जसं होतं तसंच लिवलं मॅडम. विनम्र अभिवादन मोबाईलवर नव्हतं. ते तं आमी सगळ्याईलेच लावतो."

तिसरा संशय पल्लवीवर. तो मनात आणायला मला बरं वाटलं नाही, पण वगळणं बरोबर झालं नसतं. घटक चाचणीत 'नाझींनी ज्यूंचा छळ कसा केला' या प्रश्नाला वर्गात सगळ्यात चांगलं उत्तर तिचं होतं. पुस्तकातलं नाही, स्वतःच्या वाक्यांतलं. सायकल जमा करणाऱ्या मुलीबद्दल तिने चार ओळी लिहिल्या होत्या. एवढं ज्या पोरीला कळलं, ती हे नाव न अडखळता कशी वाचेल? तिने काहीतरी ठरवून केलं असेल, आम्हा सगळ्यांची परीक्षा घेतली असेल, असं मला वाटायला लागलं. खरं सांगायचं तर तसं असतं तर मला आवडलं असतं.

मी तिला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. ती रडून झाली होती.

"तो कोण होता ते तुला माहीत होतं ना?"

"हाव मॅडम."

"किती माहीत होतं?"

"सगळंच. तुमीच शिकवलं ना."

"मग वाचलंस कसं?"

"लिहेल होतं."

"वाचताना काहीच वाटलं नाही?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "वाटलं ना. नाव आलं तवा वाटलं, हे इथं कसं? मंग वाटलं, सरनं पाह्यलं असंल. मंग टाळ्या वाजल्या. मंग वाटलं, असंल काही."

इतकी वर्षं हा पाठ शिकवून मला जे फळ्यावर कधी नीट लिहिता आलं नाही, ते पोरीने टाकीपाशी उभं राहून सांगितलं. मला तिचा राग आला नाही. माझ्या त्या चाचणीचा आला. तिला पैकीच्या पैकी देऊन मी निश्चिंत झाले होते. तो प्रश्न आता नकोसा वाटतो, पण वार्षिक परीक्षेत तसलाच येतो, म्हणून मीही विचारते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर समितीची बैठक बोलावली. खर्चे सरांकडे तोडगा तयार होता.

"मुलीचा एक छोटा व्हिडिओ काढायचा. हात जोडून म्हणेल, माझ्याकडून चूक झाली, मी सर्वांची माफी मागते. तो सगळीकडे टाकला की विषय संपला."

"दोन दिवसांत थंड होते," राजूभाऊ म्हणाले. "लोकाईले माफी दिसाले पाह्यजे. बाकी काई नाही."

हल्ली आमच्याकडे माफी अशीच मागतात. कोणी काही लिहिलं, कोणी काही बोललं, की त्याला भिंतीपाशी उभं करून हात जोडलेला व्हिडिओ काढतात. गावोगावच्या मोबाईलमध्ये असे चेहरे साठलेले आहेत. ज्याचा चेहरा असतो तो पुढे बाजारात मान वर करून चालत नाही.

जगदीशभाऊ दारापाशी उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. दुकानातून तसेच आले होते. शर्टावर ठिणग्यांची भोकं होती. पल्लवी बाहेर व्हरांड्यात बाकावर होती, दार उघडं होतं.

"माही पोरगी मोबाईलमधी हात जोडून उभी राह्यणार नाही," ते म्हणाले.

"मग शाळेचं काय, जगदीशभाऊ?" खर्चे सर म्हणाले. "शाळेच्या नावाचं काय?"

"मंग तिचं नाव काढून टाका शाळेतून. मामाच्या गावी पाठवतो. शिलाई शिकन. दहावी झाली नाही म्हणून कोनी मरत नाही."

हे ते रागाने बोलले नाहीत, आणि म्हणूनच मला धास्ती वाटली. रागाचं बोलणं उतरतं. व्हरांड्यातल्या बाकावर काहीच हालचाल झाली नाही. व्हिडिओ काढला तर पोरगी शाळेतून जाणार आणि नाही काढला तर समिती तिला शाळेत टिकू देणार नाही. दोन्हीकडून पल्लवीच जात होती.

मग जगदीशभाऊंनीच विचारलं. "मले एक सांगा. हा हिटलर कोन व्हय? कालपासून सारं गाव मले बोलून राह्यलं, अन् मले त्याचं नावबी धड घेता येत नाही."

सगळे राजूभाऊंकडे पाहू लागले, अध्यक्ष म्हणून. राजूभाऊ म्हणाले, "मोठा नेता होता. कडक. पण मंग लय वाईट झालं त्याच्या हातून."

"मॅडम, तुमी सांगा," जगदीशभाऊ म्हणाले.

सहा तासिकांचं काम मी काही वाक्यांत केलं. "जर्मनी देश लढाईत हरला होता, लोक चिडलेले होते, कामं नव्हती. यानं सांगितलं की तुमच्या सगळ्या दुःखाचं कारण हे एकच लोक आहेत. ते लोक शेजारीच राहणारे होते. आधी त्यांच्याकडून विकत घेणं बंद केलं, मग त्यांची कामं काढली, मग घरं काढली. मग गाड्यांत भरून दूर नेलं आणि मारलं. म्हातारे, बाया, सगळे."

"लेकरंबी?"

"लेकरंही."

"अन् बाकीचे लोकं?"

"होते तिथेच."

जगदीशभाऊंनी व्हरांड्याकडे पाहिलं. "मंग हे वाचाले नाही पाह्यजे होतं तिनं," ते म्हणाले. "चूक झाली. पण मोबाईलमधी नाही."

"मॅडम इथंबी पाठ घेऊन राह्यल्या," राजूभाऊ खुर्चीत मागे रेलले. "आपन जर्मनीत नाही. ज्यानं चूक केली त्यानं माफी मागायची, साधी गोष्ट हाये."

मी विचारलं, "काल सकाळी इंगळे सरांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. राजूभाऊ, तुम्ही ग्रुपवर आहात ना? तुम्ही काय उत्तर दिलं?"

"मी? मी कशाले उत्तर देऊ?"

"बघा एकदा."

त्यांनी मोबाईल काढला. अंगठ्याने वर वर सरकवत गेले आणि थांबले. शेजारी बसलेल्या सदस्याने वाकून पाहिलं आणि तो फिसकन हसला. "भाऊ, फुलाचा गुच्छ टाकला तुमी. खाली लिवलं, अतिसुंदर उपक्रम."

"आन मी ते पाहून टाकलं का? रोज टाकतो. सकाळी उठलं की सगळ्याईलेच टाकतो."

"तीही रोजच वाचते, राजूभाऊ."

बाकीच्यांनीही आपापले मोबाईल काढले. खर्चे सरांचे जोडलेले हात ग्रुपवर होते. हसणाऱ्या सदस्याचा अंगठा होता. निम्म्या गावाचे हात, फुलं आणि अंगठे त्या एका व्हिडिओखाली होते, आणि व्हिडिओ बहुतेकांनी उघडलाही नव्हता. माझं काहीच नव्हतं. तो माझा मोठेपणा नाही. तपासासाठी आदल्या रात्री उघडला तेवढाच, एरवी मी तो ग्रुप बंद करून ठेवते, कारण सकाळी सकाळी इतक्या लोकांनी मला हात जोडले की मला संशय येतो.

"मी तं पूर्ण पाह्यला," जगदीशभाऊ दारातून म्हणाले. "तीनदा पाह्यला. माही पोरगी बोलून राह्यली होती ना. मीबी हात जोडले. मले वाटलं, असंल कोनी चांगला माणूस."

मी खर्चे सरांना म्हटलं, "सर, व्हिडिओ काढायचा तर सगळ्यांचा काढू. ज्यांनी कागद दिला, ज्यांनी चित्रीकरण केलं, ज्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांनी फुलं टाकली. पल्लवी शेवटी उभी राहील. मी तिच्या शेजारी राहीन, कारण मी शिकवलं."

"मॅडम, तुमी लय हुशार हा," राजूभाऊ उठले. "पन हुशारी कुठं दाखवायची ते समजलं पाह्यजे."

पल्लवीचा व्हिडिओ निघाला नाही. खर्चे सरांनी शाळेच्या नावाने दोन ओळींची दिलगिरी लिहिली, खाली स्वतःची सही केली, आणि राजूभाऊंनीही जाता जाता केली, कारण न करण्याचं कारण त्यांना सगळ्यांसमोर सांगता येईना. पल्लवीने मात्र पुन्हा माईकला हात लावायचा नाही, असं राजूभाऊ दारातून बजावून गेले. मी म्हटलं, सोमवारी तीच वाचेल. खर्चे सर म्हणाले, "पुढचं पुढे बघू." सरकारी भाषेत याला नकार म्हणत नाहीत, म्हणून मी तो होकार धरला. जगदीशभाऊ पोरीला घेऊन गेले. ती शाळेत राहणार की मामाच्या गावी जाणार, हे कोणीच मला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात माझ्या विरोधात वर अर्ज गेला: इतिहासाच्या बाई अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवतात. खाली नाव नव्हतं. मी खुलासा दिला, पाठ्यपुस्तकाची पानं जोडली. प्रकरण अजून मिटलेलं नाही. अर्ज कोणी केला आणि त्या व्हिडिओवर 'हिटलरची जयंती' ही ओळ कोणी लिहिली, याबद्दल माझ्याकडे दोन नावं आहेत. त्यांतलं एक सारखं बदलतं. स्टाफरूममध्ये मी आता डबा उघडायच्या आधी कोण कोण बसलंय ते बघते. हा पाठ शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, हे मला कळतं. तरी बघते.

सोमवारी मी लवकर गेले. रांगा लागल्या तरी पल्लवी दिसेना. खर्चे सरांनी माझ्याकडे पाहून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. प्रार्थना सुरू होता होता जगदीशभाऊंची मोटरसायकल फाटकाशी आली. मागे ती होती, दप्तर मांडीवर घेऊन. ते आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत; फाटकाचा कोयंडा उगाच हलवून बघत उभे राहिले.

पल्लवी माईकपाशी गेली. इंगळे सरांनी कागद दिला. पंचांग झालं, सुविचार झाला. दिनविशेषात तिने एक नाव वाचलं. कोणाचीतरी जयंती होती. 'त्यांना' म्हणाली आणि थांबली. पोरं टाळीच्या तयारीत बसली होती.

"सर," ती माईकवरूनच म्हणाली, "हे कोन व्हय?"

इंगळे सरांनी खर्चे सरांकडे पाहिलं, खर्चे सरांनी माझ्याकडे. मला माहीत नव्हतं. मी मान हलवली.

"अगं, लिहिलंय ना? मग वाच," खर्चे सर म्हणाले.

ती कागदाकडेच बघत राहिली. आठवीच्या रांगेतून एक पोट्टं ओरडलं, "वाच ना बे लवकर, ऊन लागून राह्यलं!"

"थांब ना बे," पल्लवी म्हणाली. भोंगा सगळ्या गावाला ऐकवत होता. "कोन व्हय ते तं समजू दे आधी."

खर्चे सर तरातरा माईकपाशी गेले. माईकवर 'बे' म्हणायचं नसतं, हे त्यांनी तिला आधी सांगितलं. ती "हो सर" म्हणाली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"मंग तुमीच सांगा सर."

माईक चालूच होता. सरांनी एकदा रांगांकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. मग कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तो कागद वाचायला लागले, मनातल्या मनात, पहिल्या ओळीपासून.